भाजी निवडणारे बाबा

चाकूरच्या जिल्हा परिषद शाळेतली दुसरीची पोरं वाचायला लागतात ती बहुतेक बालभारतीच्या पुस्तकावरच. पुण्याची ही संस्था 1967 पासून राज्याची पाठ्यपुस्तकं तयार करते. घरात दुसरं गोष्टीचं पुस्तक नसेल, तर जग कसं असतं हे त्या लेकराला याच चित्रांतून कळतं. म्हणून ती चित्रं फार महत्त्वाची.

वर्षानुवर्षं त्यांत आई चुलीपाशी, बाबा पेपर वाचताना. मुलगा मैदानात, मुलगी झाडू घेऊन. 2019 मध्ये दुसरीची नवी पुस्तकं आली, त्यांत आई आणि बाबा दोघंही भाजी निवडत बसलेले दिसले. एक पुरुष कपड्यांना इस्त्री करतोय, डॉक्टर आहे ती बाई. त्यावर धडा नाही, उपदेश नाही. मला हेच फार आवडलं.

गोष्टींच्या पुस्तकांत मात्र धाडस बराच काळ मुलग्यांच्याच वाट्याला आलं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्या सगळ्यांचा लाडका, पण सायकलवरून सुसाट जाणारी, चोर पकडणारी तशी गाजलेली मुलगी पटकन आठवत नाही. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकांत मात्र घरातल्या माणसांची ओळख छोटी राधाच करून देते.

आज रात्री लेकरांसोबत पाठ्यपुस्तक उघडा. चित्रात कोण काय करतंय, ते त्यांनाच विचारा. आणि आपल्या घरी भाजी कोण निवडतं, हेही.