कुलूप लावा, पण दुसरी किल्लीही ठेवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला कॉम्प्युटरच्या पासवर्डवर बोलायला सांगितलंय. मी काही तज्ज्ञ नाही. पण बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे कुलूप-किल्लीचं थोडंफार कळतं.

बँकेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. एक किल्ली अधिकाऱ्याकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. शिवाय डुप्लिकेट किल्ल्या सीलबंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या असतात.

ही शिस्त पाळणाऱ्या माझ्या घरच्या कॉम्प्युटरला मात्र पासवर्डच नव्हता. "घरात आम्ही दोघंच, बघणार कोण?" एकदा मशीन दुरुस्तीला दिलं आणि मग आठवलं, पॅन, आधार, एफडीची यादी, सगळं त्यात उघडं पडलंय! चार रात्री झोप नाही. सुदैवाने काही गेलं नाही. मशीन परत आलं त्याच दिवशी पासवर्ड घातला.

पद्धत सोपी आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, अकाउंट्स, मग साइन-इन ऑप्शन्स. तिथे पासवर्ड दिसेल. जन्मतारीख, नातवाचं नाव, फ्लॅट नंबर नको. ते सगळ्या बिल्डिंगला पाठ आहे! एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार शब्द जोडा. जागेवरून उठताना विंडोजचं बटण आणि 'एल' एकत्र दाबा, की स्क्रीन लॉक. मात्र हे फक्त दाराचं कुलूप आहे. एन्क्रिप्शन नसेल तर हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की फायली वाचता येतात. म्हणून दुरुस्ती शक्यतो समोर बसून करून घ्या.

आता माझी दुसरी चूक सांगतो. पासवर्ड मी कोणालाच सांगितला नाही. पुढे छातीत दुखायला लागलं आणि मध्यरात्री मला आयसीयूत नेलं. हॉस्पिटलने मेडिक्लेमचा पॉलिसी नंबर मागितला. तो कॉम्प्युटरमध्ये, आणि पासवर्ड माझ्या डोक्यात! सौ. त्या बंद स्क्रीनसमोर रडत बसली होती, हे मला नंतर कळलं. त्या रात्री डिपॉझिट भरलं ते आपल्याच तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी. ते आज इथे बसले आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही.

चोराला अडवायला लावलेल्या कुलपाने मी घरच्याच माणसाला बाहेर ठेवलं होतं. बँकेत शिकलेला अर्धाच धडा मी घरी आणला होता.

आता पासवर्ड लिहिलेलं सीलबंद पाकीट कपाटाच्या लॉकरमध्ये असतं. सौ.ला आणि मुलाला जागा माहीत आहे. पासवर्ड बदलला की पाकीटही बदलतो. मॉनिटरला चिठ्ठी चिकटवत नाही!

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर दोन कामं करा. पासवर्ड घाला, आणि झोपण्यापूर्वी पाकीट तयार करा. पहिलं काम परक्यांसाठी, दुसरं आपल्या माणसांसाठी.