मातीची ओळख



आपल्या या वैनगंगेकाठच्या मुलखात कुणी गेलं की माणसं म्हणतात, "मातीला जाऊन येतो." चिता असो की खड्डा, शब्द एकच. तत्त्वज्ञान शिकवताना ज्या प्रश्नानं मला आयुष्यभर सोडलं नाही, तो या शब्दातच आहे. माती झालेलं माणूस पुन्हा ओळखू येईल का?

प्लेटोच्या परंपरेत देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग. आद्य ख्रिस्ती मंडळींना हे पुरेसं वाटलं नाही. त्यांना वारशानं मिळालेला हिब्रू शब्द 'नेफेश' आपल्या 'आत्म्या'पेक्षा 'जीवा'ला जवळचा. घसा, श्वास, तहान, सगळं त्यात येतं. असा जीव देहातून सुटावा एवढीच त्यांची आशा नव्हती. देहासकट अख्खं माणूस परत मिळावं, ही होती. म्हणूनच तर इ. स. १७७ मध्ये लिऑं शहरात छळ करणाऱ्यांनी त्यांच्या हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, की आता यांना उठायला काही उरूच नये. आणि म्हणूनच ख्रिस्ती मंडळी आपल्या वर्गणीतून गरिबांच्या मातीचा खर्च करत. आद्य ख्रिस्ती लेखक टर्टुलियननं तसं लिहून ठेवलं आहे. ज्यांच्या बापांची हाडं इथल्याच भरवेलीच्या मँगनीज खाणीत झिजली, त्या मुलांना देह तुच्छ आहे असं मी तरी कोणत्या तोंडानं सांगू?

त्या राखेतून माणूस परत कसं मिळणार, या प्रश्नाला मला सर्वांत पटलेलं उत्तर एका बाईचं आहे. इ. स. ३७९ च्या सुमारास ख्रिस्ती संन्यासिनी मॅक्रिना मरणशय्येवर होती. भाऊ बेसिल गेल्याचं दुःख घेऊन धाकटा ग्रेगरी तिच्याकडे आला. तो स्वतः बिशप, पण पुढे हा संवाद लिहिताना त्यानं बहिणीला 'गुरू' म्हटलं. ती त्याला सांगते: एकाच चिखलाची वेगवेगळी भांडी फुटून खापरं एकमेकांत मिसळली, तरी ज्याची भांडी त्याला आपलं खापर कळतं. जीवही आपल्या मातीची ओळख विसरत नाही.

मराठीत हा प्रश्न कवी नारायण वामन टिळकांनी जगून दाखवला. नागपूरहून राजनांदगावला जाताना, आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या त्या रेल्वेत, एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना 'नवा करार' दिला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार देहाला अग्नी दिला आणि अस्थी अहमदनगरला पुरल्या. अग्नी आणि माती, दोन्ही. पुनरुत्थानावरचा विश्वास त्यांनी राखेनं ढळू दिला नाही.

मॅक्रिनाच्या शेवटच्या क्षणांविषयी मी वर्गात दरवर्षी सांगतो, आज तुम्हालाही सांगतो. दिवेलागण झाली, कुणीतरी खोलीत दिवा आणला. तिनं डोळे उघडले. संध्याकाळची प्रार्थना म्हणायची होती, पण आवाज फुटेना. ओठ हलले, हात चेहऱ्याकडे गेला. प्रार्थना संपल्यावर तिनं एक लांब श्वास घेतला.