खुर्चीत बसून करायचं काम

सोलापूर जिल्ह्यातल्या बचत गटांना पैशाच्या व्यवहारात सल्ला देण्याचं काम आम्ही काही जणी करतो. गटातल्या बाया चेष्टेनं म्हणतात, "तुमचं बरं हाय ताई, खुर्चीत बसून बोलायचं नि पगार घ्यायचा." पगार कसला, मानधन असतं. पण खुर्चीत बसून नेमकं काय करतो, ते आज सांगतो.

पुण्या-मुंबईत पैशाचा सल्ला देणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. त्यांचं गिऱ्हाईक पैसा वाढवायला येतं. आमच्याकडची बाई बहुतेक वेळा हप्ता थकल्यावर येते. तिथलं आणि इथलं एक मात्र सारखं असायला हवं. ज्याला सल्ला द्यायचा, काम त्याचंच करायचं. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांसाठी सेबीनं २०१३ साली नियम केले, त्यांचा गाभा हाच आहे. सल्लागारानं फी गिऱ्हाइकाकडून घ्यायची, कंपनीकडून कमिशन नाही. एजंट वेगळा, त्याचं पोट कमिशनवर. आम्ही शेअर-बिअर सांगत नाही, तो आमचा अधिकारही नाही. पण हा धडा आम्ही उचलला. एकदा एक गृहस्थ आले, म्हणाले, "तुम्ही नुसत्या बायका पाठवा, अर्जामागं तुमचं बघतो." त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

आता कामाकडे. पहिला अर्धा तास आम्ही आकडाच विचारत नाही. पोरं काय करतात, पाऊस किती झाला, शेळी व्याली का, एवढंच. बाई सांगते, "वीस हजाराचं कर्ज हाय." मग हळूहळू पिशवीतून एक कार्ड निघतं, दुसरं निघतं, तळातून तिसरं. त्या वेळी तोंडावर "अगं बाई, इतकं?" असं उमटलं, तर चौथं कार्ड पिशवीतच राहतं. या कामात सगळ्यांत अवघड काही असेल तर चेहरा सांभाळणं.

मग वही उघडायची. समजा, कुणी म्हणालं, वर्षाला १२ टक्के, ३०,००० रुपये, दोन वर्षं. व्याज झालं ७,२००. महिन्याला हप्ता १,५५०. ऐकायला सरळ वाटतं. पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या तीस हजारांवर का द्यायचं? उरलेल्या मुद्दलावर १२ टक्के लावले, तर हप्ता १,४१२ च्या आसपास येतो आणि व्याज ३,९०० च्याही आत. म्हणजे बारा सांगून घेतले जवळजवळ बावीस. हे वहीत मांडून दाखवलं की बाई गप्प होते. मग विचारते, "मग त्यानं तसं का सांगितलं न्हाई?" म्हणून सही करण्याआधी एकच विचारा, व्याज पुऱ्या रकमेवर की उरलेल्या मुद्दलावर?

मायक्रोफायनान्स कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करून त्रास द्यायचा नाही. कर्जाचा तपशील तुम्हाला समजेल अशा भाषेत कागदावर मिळाला पाहिजे. तो मागून घ्या.

सगळेच दिवस कर्जाचे नसतात. शेंगाचटणी करणारी एक ताई शेंगदाणे, लसूण, तिखट सगळं धरून भाव काढते. गॅस आणि स्वतःचे हात धरतच नाही. तिच्याशी आमचा वाद अजून चालू आहे.

काही वेळा घरचा माणूस येऊन विचारतो, "आमच्या हिच्या खात्यात किती हायेत?" आम्ही त्यांना बसायला सांगतो, पाणी देतो, आकडा देत नाही. त्यावरून गावात बोलणी खाल्लीत. खावी लागतात.

आणि नवरा गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी येणारी बाई. तिच्याकडून आम्ही त्याचं पासबुक मागतो आणि मे-जूनच्या नोंदींत ४३६ रुपयांची ओळ शोधतो. ते पैसे कापले गेले असतील, तर तो जीवन ज्योती विम्याचा हप्ता असतो. विमा चालू असताना मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख मिळतात. वीस रुपयांची ओळ सुरक्षा विम्याची, ती अपघातासाठी. कित्येक घरांत हे पैसे कापले जातात हेच बायकोला ठाऊक नसतं, आणि पासबुक दोन-दोन वर्षं छापलेलं नसतं. या आठवड्यात बँकेकडे जाणं झालं तर दोघांची पासबुकं बरोबर न्या, छापून आणा आणि ही ओळ आहे का बघा. वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, तेही विचारा. ओळ सापडली नाही आणि वय पन्नासच्या आत असेल, तर अर्ज तिथंच मिळतो.