स्वस्त गोळी आणि वजनाचा काटा



मी वैद्य नव्हे. सरकारी कचेरीत आकड्यांची छाननी करण्यात हयात गेलेला मी एक साधा पदवीधर. तरीही आज एका गोळीविषयी बोलण्याचे धाडस करतो. कारण मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी आपल्या मंडळींत हल्ली विरजणासारखी या घरातून त्या घरात जाऊ लागली आहे. ‘स्वस्त आहे, जुनी आहे, शिवाय वजन उतरवते,’ अशी तिची ख्याती!

जुनी ती खरीच. फ्रेंच वैद्य ज्याँ स्टर्न यांनी मधुमेह्यांवरील तिचा उपयोग १९५७ साली प्रसिद्ध केला. यकृतातून रक्तात उतरणारी साखर ती कमी करते. पण वजनाचे काय?

अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ स्थूल व्यक्तींची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. एका गटास मेटफॉर्मिन दिले, दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषधी गोळी, तर तिसऱ्यास मिताहार आणि आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम नेमून दिला. सरासरी पावणेतीन वर्षांच्या निरीक्षणात निरौषधी गोळीने वजन घटले ०.१ किलो, मेटफॉर्मिनने २.१ किलो आणि आहार-व्यायामाने ५.६ किलो. म्हणजे गोळीचा गुण खरा, पण बेताचा.

ही झाली परक्या मुलखाची गोष्ट. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ५३१ भारतीयांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली आले. तिथे प्रश्न वजनाचा नव्हता, मधुमेह टाळण्याचा होता. तीन वर्षांत उपायांविना ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ४०.५ टक्के, तर आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांत ३९.३ टक्के लोकांना. दोन्ही उपाय एकत्र करूनही अधिक लाभ दिसला नाही.

मधुमेह्याला हे औषध वरदान आहे, यात शंका नाही. परंतु मूत्रपिंड दुबळे असणाऱ्यास तेच धोक्याचे ठरू शकते, आणि ते दुबळेपण शेजाऱ्याला दिसत नाही. वैद्याच्या तपासणीतच कळते. परमुलखात शेजारी हेच आपले गणगोत. म्हणूनच आपण आधी त्यांना विचारतो, आणि तेही मायेने आपल्या डबीतली गोळी पुढे करतात. ती माया तशीच राहो. मात्र गोळीऐवजी आपण एकमेकांना सकाळच्या फेरफटक्याची सोबत द्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.