नोंदवहीतील नाव आणि परराज्याची वाट

(ज्ञातिमंडळाच्या वर्धा येथील वार्षिक संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस या सभेत चार शब्द सांगण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे औषधांची दुकाने चालविणारी आपली कित्येक घराणी आहेत आणि अलीकडे आपली मुलेमुली फार्मसीच्या पदविकेस अथवा पदवीस आवर्जून जातात. पुढे मुलगा नोकरीनिमित्त हैदराबादेस जातो, मुलगी विवाहानंतर इंदूरला किंवा रायपूरला नांदावयास जाते. आणि मग घरात प्रश्न निघतो की, इथली परीक्षा तिथे चालते काय? इथले गुण तिथले सरकार धरील काय?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात द्यावयाचे तर असे की, गुण कोठेच जात नाहीत; जाते ते नाव. हा भेद ध्यानी न आल्यामुळे सुशिक्षित घरांतूनही वर्षे फुकट गेलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून तो थोडा मुळापासून सांगतो.

आपल्या देशात औषध देणाऱ्याने कोणती विद्या संपादन केलेली असावी याचा सर्व देशास लागू असा नियम पूर्वी नव्हता. दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी करावी, मिश्रणे करावयास शिकावे आणि कंपाउंडर म्हणवून घ्यावे, अशीच बहुतेक ठिकाणी रीत. 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने औषध चौकशी समिती नेमली. औषधांच्या शुद्धतेबरोबरच औषध देणाऱ्याच्या शिक्षणाचा विचारही त्या समितीने केला. बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक महादेवलाल श्रॉफ यांनी औषधशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला तो याच सुमारास, 1932 साली. पुढे 1940 मध्ये औषधांविषयीचा कायदा झाला आणि स्वातंत्र्यानंतर 4 मार्च 1948 पासून फार्मसी कायदा आला.

या कायद्याची रचना दुहेरी आहे, आणि सारी गुंतागुंत तिच्यातून निघते. शिक्षण कसे असावे, कोणती परीक्षा मान्य, कोणते महाविद्यालय मान्य, हे ठरविणारी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया सर्व देशाची एक. परंतु व्यवसाय करणाऱ्यांची नोंदवही मात्र प्रत्येक राज्याची निराळी. ती त्या त्या राज्याच्या कौन्सिलाने ठेवावयाची. म्हणजे विद्या देशाची आणि नाव राज्याचे. बोरगाव (मेघे) येथे शिकलेल्या विद्यार्थ्याची पदवी कन्याकुमारीसही पदवीच असते. पण महाराष्ट्राच्या नोंदवहीतले त्याचे नाव सीमेपलीकडे आपोआप जात नाही.

आता हे जे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे, ते आपल्या जिल्ह्याने एकदा सबंधच्या सबंध अनुभवले आहे, याची तरुण पिढीस बहुधा कल्पना नसेल. वर्धा जिल्हा मध्यप्रांतात होता. 1950 पासून त्या प्रांतास मध्यप्रदेश म्हणू लागले, तरी राजधानी नागपूरच. जबलपूर, रायपूर, छिंदवाडा ही आपल्याच राज्यातील गावे आणि तिकडे आपली सोयरीकही मुबलक. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. त्या दिवशी वर्ध्याच्या माणसाने घराचा उंबरठा ओलांडला नाही, दुकानाची जागा बदलली नाही, फळीवरची बाटलीसुद्धा हलविली नाही. पण त्याचे राज्य बदलले. काल जे रायपूर आपले होते ते आज परराज्य झाले, आणि जी मुंबई दूरची होती ती राजधानी झाली.

अशा प्रदेशांतील औषध देणाऱ्यांचे काय व्हावयाचे? ज्यांच्याजवळ पदविका होती त्यांची चिंता नव्हती. चिंता होती ती जुन्या कंपाउंडरांची. 1948 च्या कायद्याने पहिली नोंदवही तयार करताना अनुभवासही मान दिला होता. दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार केलेल्या माणसास, त्याने महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नसले तरी, नोंदवहीत जागा होती. परंतु ही सवलत पहिल्या नोंदवहीपुरती. पुढच्या नोंदणीस परीक्षा हवी. जुन्या राज्याच्या नोंदवहीस जो पात्र होता, त्याला नव्या राज्याने विचारले की तुझी मॅट्रिक कोठे, तुझी मान्य परीक्षा कोठे, तर त्याने दाखवावे काय? वीस वर्षे खलबत्ता हाती धरलेला, अक्षर न अक्षर डॉक्टरांचे वाचू शकणारा मनुष्य एका रेषेमुळे अपात्र!

हा अन्याय संसदेच्या ध्यानी आला, हे आपले भाग्य. 1959 च्या दुरुस्तीने कायद्यात 32-अ हे कलम घातले गेले. त्यात विस्थापितांची सोय आहे तशीच या मंडळींचीही आहे. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वीच्या राज्याच्या नोंदवहीत ज्यांचे नाव होते आणि ज्यांचा प्रदेश नव्या राज्यात गेला, त्यांचे नाव नव्या राज्याच्या नोंदवहीत घेता यावे. तसेच जे जुन्या राज्यात पात्र होते, पण केवळ मॅट्रिक वा मान्य परीक्षा नाही म्हणून नव्या राज्यात अपात्र ठरत होते, त्यांचेही घेता यावे. ही दुरुस्ती अंमलात आली ती 1 मे 1960 रोजी, म्हणजे नेमकी ज्या दिवशी महाराष्ट्र राज्य जन्मास आले त्या दिवशी. योगायोगच म्हणावयाचा. पण पुनर्रचनेपासून त्या दिवसापर्यंत साडेतीन वर्षे लोटली होती, हेही विसरू नये. सरकारी कागदास साडेतीन वर्षे म्हणजे काही नव्हे. हातावर पोट असलेल्या कंपाउंडरास ती पुष्कळ.

पुढे असे प्रसंग आणखी आले. 1976 च्या दुरुस्तीने पूर्व पाकिस्तानातून, ब्रह्मदेशातून, श्रीलंकेतून, युगांडातून आलेल्यांसाठी कलम जोडले. आणि 2023 साली जम्मू-काश्मीरच्या जुन्या कायद्याखाली नोंदलेल्यांसाठी आणखी एक. राज्याच्या सीमा हलल्या की नोंदवहीस कलमे जोडावी लागतात. परंतु माणूस स्वतः सीमा ओलांडून जातो तेव्हा त्याच्यासाठी खास कलम कोणी करीत नाही. त्याची वाट कायद्याने आधीच करून ठेवलेली आहे. ती माहीत असली म्हणजे झाले.

ती वाट कलम 32 मध्ये आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेला, त्या राज्यात राहणारा अथवा तेथे व्यवसाय करणारा, आणि मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेला किंवा दुसऱ्या राज्यात नोंदणी झालेला मनुष्य, शुल्क भरल्यावर, नोंदवहीत नाव येण्यास हक्कदार आहे. हक्कदार, हा शब्द आम्ही मुद्दाम उच्चारतो. परराज्याचे कौन्सिल आपल्या मुलाचे नाव घेते ते उपकार म्हणून नव्हे. तेव्हा कोणी मध्यस्थ भेटला आणि ‘तिकडे फार अवघड आहे, आम्ही करून देतो’ म्हणू लागला, तर त्याला नमस्कार करून परत पाठवावे. नवी परीक्षा नाही, गुणांची अट नाही.

मात्र ‘राहणारा अथवा व्यवसाय करणारा’ या शब्दांकडे नीट पाहावे. पुष्कळ तरुण अशा पेचात सापडतात की, नोकरी देणारा म्हणतो आधी इथली नोंदणी आण, आणि हे समजतात की नोकरी लागल्याशिवाय नोंदणी मिळणार नाही. कायदा राहण्यासही पुरेसे मानतो. म्हणून नव्या गावी जाताच प्रथम राहण्याचा पुरावा करावा. भाडेकरार करावा, आधारपत्रावरचा पत्ता बदलावा; मग अर्जास हात घालावा.

अर्ज करण्यापूर्वी इकडचे घर व्यवस्थित असावे लागते. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलाकडील नोंदणी चालू हवी. तिचे नूतनीकरण चुकले असेल तर आधी ते करून घ्यावे, कारण मृत नोंदणीचे स्थलांतर होत नाही. मग येथील कौन्सिलाकडे ना-हरकत पत्र मागावे. नवे कौन्सिल जुन्या कौन्सिलाकडून परस्पर खातरजमा करून घेते आणि गुणपत्रकांचे काम पडते ते येथे. दहावी, बारावी, तंत्रशिक्षण मंडळाची पदविका किंवा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची पदवी खरी आहे एवढे पाहण्यासाठी. गुण किती, हे कोणी पाहत नाही. ही खातरजमा होईपर्यंत काही महिने जातात आणि तेवढ्या काळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचे काम त्या राज्यात स्वतःच्या नावावर करता येत नाही. औषधांच्या कारखान्यातील नोकरीस अशी नोंदणी सामान्यतः लागत नाही. तेथे असलेल्यांनी इकडची नोंदणी जिवंत ठेवावी म्हणजे पुढची वाट मोकळी राहते.

मुलींच्या बाबतीत एक अडचण अधिक येते. आपल्या समाजातील एक कन्या विवाहानंतर शेजारच्या राज्यात गेली. पदविकेवर माहेरचे नाव, आधारपत्रावर सासरचे, आणि नोंदवहीत तिसरेच, कारण येथे नोंदणी करताना वडिलांचे नाव संक्षेपाने लिहिले होते. तिकडच्या कार्यालयाने कागद दोनदा परत पाठविले. सात महिने तिने घरी बसून काढले. नोकरी ठरलेल्या रुग्णालयाने तीन महिने वाट पाहिली, मग दुसरीस घेतले. वस्तुतः विवाहाचे प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदल आधी करून, तो येथील नोंदवहीत चढवून मग स्थलांतर मागितले असते तर हे झाले नसते. आई-बापहो, लग्नाच्या याद्या करता तेव्हा त्यात हीही एक ओळ लिहा; आहेराच्या भांड्यांपेक्षा ती पुष्कळ दिवस उपयोगी पडेल.

आता आम्ही जे बोलणार आहोत ते या सभेतील काहींस रुचणार नाही. स्थलांतर न करण्याचे खरे कारण बहुधा अज्ञान हे नसते. मुलगा हैदराबादेस नोकरी करतो आणि त्याचे प्रमाणपत्र इकडे काकांच्या किंवा परक्याच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असते. महिन्याकाठी काही रक्कम घरी येते. नाव हलविले तर दुकान अडेल, म्हणून नाव हलवावयाचे नाही, असा हा हिशेब. नोंदवहीत केवळ नाव लिहिलेले नसते, बंधूंनो. फार्मासिस्टाचा व्यवसायाचा पत्ता आणि तो कोणाकडे नोकरीस असेल तर त्याचेही नाव तेथे लिहावे लागते. म्हणजे भिंतीवरचे ते प्रमाणपत्र रोज एक असत्य सांगत असते. औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. देखरेख करणारा पाचशे किलोमीटरवर! चुकीची गोळी एखाद्या म्हाताऱ्याच्या हाती पडली तर जबाबदार कोण, याचे उत्तर काकांजवळ नाही आणि पुतण्याजवळही नाही. नाव तर पुतण्याचेच. एका अपघाताने त्याची सबंध नोंदणी जाऊ शकते, म्हणजे हैदराबादेची नोकरीही. दुकान चालवावयाचे असेल तर तेथे बसणारा फार्मासिस्ट नेमावा, योग्य पगार द्यावा. आपल्याच समाजात काम शोधणारी मुले पुष्कळ आहेत.

काही पालकांनी अमेरिकेविषयी विचारले आहे. तेथेही परवाना ज्या त्या राज्याचाच. पण तेथे गुण खरोखरीच प्रवास करतात. राज्याराज्यांच्या मंडळांनी 1904 साली एक राष्ट्रीय संघटना काढली, ती मुळी फार्मासिस्टास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाता यावे म्हणून. तिच्या नॅप्लेक्स नावाच्या परीक्षेचे गुण उमेदवारास एकाहून अधिक राज्यांकडे पाठविता येतात; कायद्याची परीक्षा मात्र बहुधा निराळी द्यावी लागते, आणि कॅलिफोर्नियाने तर ती आपली स्वतःची ठेवली आहे. आपल्या मुलांस त्या परीक्षेपर्यंत पोहोचण्याआधीच एक दार लागते. 1 जानेवारी 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा असावा लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची. म्हणून ज्यांच्या मनात ती इच्छा आहे त्यांनी बारावीनंतरच, 2008 साली सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म.डी. चा विचार करावा. मागाहून पश्चात्ताप करून उपयोग नाही. आणि तेथेही स्वदेशातील नोंदणीचा पुरावा मागतात, हे विशेष.

आपल्याकडेही पदविकाधारकांसाठी निर्गम परीक्षेचे नियम 2022 साली प्रसिद्ध झाले. तीन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत निदान पन्नास टक्के, अशी तिची कल्पना. परीक्षा सर्व देशास एक, त्यामुळे तिचे गुण स्थलांतरित करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या तुकडीस ती लागू आहे की नाही हे विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाकडून आणि कौन्सिलाकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

शेवटी चिटणिसांस एक विनंती. मंडळाच्या कुटुंब-सूचीत शिक्षणाचा रकाना आहे, गोत्राचा आहे, व्यवसायाचा आहे. त्यात फार्मासिस्टांपुरता एक रकाना वाढवावा : नोंदणी कोणत्या राज्यात, आणि ती केव्हापर्यंत चालू. म्हणजे इंदूर, रायपूर, हैदराबाद येथे ज्यांचे स्थलांतर आधीच झाले आहे असे ज्ञातिबांधव कोण हे नव्याने जाणाऱ्यास कळेल आणि तेथील कार्यालयात कोणता कागद आधी मागतात हे त्यांजकडूनच विचारता येईल. सूचीचे कोरे अर्ज दाराशी ठेवले आहेत. जाताना प्रत्येक कुटुंबाने एक न्यावा आणि भरून महिन्याच्या आत कार्यालयाकडे पाठवावा.