अरुंद झडप



सुवर्णमहोत्सवी सभेत हृदयावरील अद्भुत शस्त्रक्रियांच्या कथा सांगाव्यात, अशी कार्यकर्त्यांची इच्छा दिसते. आम्ही मात्र एकाच झडपेविषयी बोलणार आहोत. हृदयाच्या डाव्या बाजूस, वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मध्ये असणारी ही मायट्रल झडप. बालपणी घसा सुजतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन सांधे धरतात, आणि घरची मंडळी वाढीचे दुखणे म्हणून स्वस्थ राहतात. सांधे बरे होतात. झडपेची पाती मात्र पुढे वर्षानुवर्षे एकमेकांस चिकटत जातात.

अरुंद झडपेमागे तुंबलेल्या रक्ताचा भार फुप्फुसांवर पडतो. धाप लागते, खोकला जडतो, थुंकीतून रक्त पडते. आपल्या देशात अशा वेळी पहिला संशय क्षयाचा, आणि तो गैरही नव्हे. परंतु थुंकीत जंतू सापडत नसता महिनोन्महिने क्षयाचीच औषधे घेत राहिलेले रोगी आम्हा शस्त्रवैद्यांकडे फार उशिरा पोचतात. गर्भवतीची धाप तर अशक्तपणाच्या खाती जमा होते. वास्तविक गरोदरपणी शरीरातील रक्त जवळजवळ दीडपट होते व अरुंद झडपेस तो लोंढा पेलत नाही. या झडपेचा मर्मरध्वनी इतका मंद्र असतो, की रोग्यास डाव्या कुशीवर वळवून, शांत खोलीत कान देऊन ऐकावे लागते. आमच्या बाह्यरुग्ण विभागात ती शांतता कोठून आणावी?

शस्त्रक्रियेची वाटही अशाच गैरसमजाने अडली होती. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी हृदयात बोट घालून एका मुलीची झडप सैल केली. मुलगी वाचली, तरीही पुन्हा असा रोगी त्यांच्याकडे कोणी धाडला नाही. दोष झडपेचा नसून हृदयाच्या स्नायूचा, असे तेव्हाच्या वैद्यांचे ठाम मत होते! पुढची जवळजवळ २३ वर्षे ही वाट ओसच राहिली. १० जून १९४८ रोजी फिलाडेल्फियात चार्ल्स बेली यांचा चौथा रोगी दगावला. आधीचे तिघेही वाचले नव्हते. त्याच दिवशी दुसऱ्या रुग्णालयात त्यांनी एका तरुणीची झडप मोकळी केली, आणि ती जगली.

आता प्रतिध्वनी-चित्रणाने झडप काही मिनिटांत दिसते. पाती लवचीक असली तर मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती विलग करता येतात. १९८२ साली जपानचे कांजी इनोए यांनी हा मार्ग दाखविला. पाती चुन्यासारखी कडक झाली असल्यास झडपच बदलावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडलेली भारतीय झडप १९९० पासून वापरात आली. कृत्रिम धातूची झडप बसविली, की रक्त न गोठण्याची गोळी आणि रक्ततपासणी जन्मभर.

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना आमची एक विनंती आहे. सांधेज्वर होऊन गेलेल्या मुलाचे दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिनचे इंजेक्शन गाव बदलताना हमखास सुटते. सामान बांधताना त्याची जुनी कागदपत्रे, मग ती कोणत्याही भाषेत असोत, हाताशीच ठेवावीत आणि नव्या गावच्या डॉक्टरांस पहिल्याच आठवड्यात दाखवावीत. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांच्यासाठी आम्ही सभेनंतर थांबणार आहोत.