विलायतेंतील घर आणि तेथील कर

'घर पाहावें बांधून' ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर म्हणजे आपल्याच गांवांतलें, ज्याचा दस्त आपल्याच भाषेंत लिहिला जाई असें घर. आज पुण्या-मुंबईच्या कित्येक कुटुंबांतील मुलें लंडनमध्यें शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं राहतात, आणि दरमहा भाडें भरण्यापेक्षां तेथेंच एक फ्लॅट घेऊन टाकावा असा विचार घरांतील वडील माणसांच्या मनांत येतो. इंग्लंडचा कायदा परकीयास घर घेण्याची मनाई करीत नाहीं. नागरिकत्व नको, खास परवाना नको. मात्र दार असें उघडें असलें तरी उंबरठ्यावर कर उभा आहे, आणि त्याचे प्रश्न मोठे चमत्कारिक आहेत.

'स्टँप ड्यूटी लँड टॅक्स' हा खरेदीवरील कर. आपल्याकडील मुद्रांकशुल्काचा हा भाऊबंदच. पण स्वभावानें अगदीं निराळा. खरेदीदार कोणत्या देशाचा प्रजाजन, हें तो विचारीत नाहीं. त्याचे प्रश्न दोनच : गेल्या वर्षभरांत युनायटेड किंगडममध्यें किती दिवस राहिलांत? आणि जगांत आणखी कोठें घर आहे काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर १८३ दिवसांहून कमी आलें, तर शेंकडा २ अधिक. हा नियम १ एप्रिल २०२१ पासूनचा. दुबईस स्थायिक झालेला अस्सल इंग्रजही त्यांतून सुटत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर होकारार्थी आलें, तर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून शेंकडा ५ अधिक. चाळीस हजार पौंडांहून कमी नसलेलें पुण्याचें राहतें घरही येथें मोजलें जातें, ही गोष्ट बहुतेकांस खरेदीच्या दिवशीं वकिलाच्या तोंडून कळते.

हिशेब कागदावर मांडून पाहावा. फ्लॅटची किंमत पांच लाख पौंड धरूं. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांप्रमाणें पहिल्या १,२५,००० पौंडांवर कर नाहीं. पुढील तितक्याच रकमेवर शेंकडा २, म्हणजे २,५००. उरलेल्या अडीच लाखांवर शेंकडा ५, म्हणजे १२,५००. एकूण १५,०००. त्यावर दोन्ही जादा कर मिळून सबंध किंमतीच्या शेंकडा ७, म्हणजे ३५,०००. बेरीज ५०,००० पौंड. किंमतीचा बरोबर दहावा हिस्सा, आणि तो व्यवहार पुरा झाल्यापासून चौदा दिवसांत भरावयाचा.

येथेंच मायेचा एक सापळा आहे. मुलगा दोन वर्षें लंडनमध्यें नोकरी करीत आहे, त्याच्या नांवें जगांत कोठेंही घर नाहीं व कधीं नव्हतें, आणि फ्लॅटमध्यें तो स्वतः राहणार आहे, अशी स्थिति असली तर प्रथम घर घेणारा म्हणून त्यास सवलत मिळते. पांच लाखांपर्यंतच्या घरास ती लागू आहे, आणि कर केवळ १०,००० पौंड पडतो. परंतु पैसा वडिलांचा. तेव्हां खबरदारी म्हणून खरेदीखतांत वडिलांचेंही नांव घालावें असें घरांत ठरतें. वडिलांचें पुण्यास घर आहे, आणि ते इंग्लंडांत राहत नाहींत. दोन सहखरेदीदारांपैकीं एकास जादा कर लागू झाला कीं तो सबंध किंमतीवर बसतो, आणि मुलाची सवलतही जाते. त्या एका नांवाचें मोल चाळीस हजार पौंड! नांव घालूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. कित्येक घरांत त्यास सबळ कारणेंही असतील. पण तें मोल अगोदर ठाऊक असावें.

लंडनचे बहुतेक फ्लॅट 'लीजहोल्ड', म्हणजे मुदतीच्या पट्ट्यावरचे असतात. पट्ट्याचीं किती वर्षें उरलीं व इमारतीच्या देखभालीची वर्गणी किती, हें पाहिल्यावांचून सही करूं नये. घरपट्टीच्या जागीं तेथें 'कौन्सिल टॅक्स' आहे. इंग्लंडांत त्याची प्रतवारी अजूनही १ एप्रिल १९९१ च्या किंमतींवरच चालते. सामान्यतः तो राहणारा भाडेकरू भरतो. घर रिकामें राहिलें तर मालक.

ही स्थानिक कौन्सिल केवळ पट्टी गोळा करणारी संस्था नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ च्या सुमारास ज्या घरांत राहत असत, तें १०, किंग हेन्रीज रोड हें घर महाराष्ट्र शासनानें २०१५ मध्यें विकत घेतलें, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पंतप्रधानांच्या हस्तें स्मारकाचें उद्घाटन झालें. परंतु घर होतें वस्तीचें, आणि वस्तीच्या घराचें संग्रहालय करण्यास कॅम्डेन कौन्सिलची संमति लागते. कौन्सिलनें ती २०१८ मध्यें नाकारली. अपील झालें, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्यें तेथील मंत्र्यांच्या निर्णयानें परवानगी मिळाली. एका राज्याच्या शासनाची ही गोष्ट. मग साध्या खरेदीदारानें घराचा उपयोग मनास येईल तसा बदलतां येईल असें समजूं नये.

घर भाड्यानें दिलें व मालक परदेशीं राहत असला, तर दलालास भाड्यांतून शेंकडा २० कापून सरकारांत भरावे लागतात. अगोदर अर्ज करून मंजुरी घेतली तर कापणी टळते, कर टळत नाहीं. विक्रीच्या नफ्यावर ६ एप्रिल २०१५ पासून परदेशस्थांसही कर आहे, आणि त्याचें पत्रक साठ दिवसांत द्यावें लागतें.

इकडे हिंदुस्थानांतही दप्तर असतेंच. रिझर्व्ह बँकेच्या नियमानें एका माणसास एका आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलर बाहेर पाठवितां येतात. पतिपत्नींची मिळून मर्यादाही पांच लाख पौंडांस पुरत नाहीं. दहा लाख रुपयांवरील रकमेवर बँक शेंकडा २० आगाऊ वसूल करते. तें पुढें प्राप्तिकरांत वळतें होतें, पण तोंवर पैसा अडकून राहतो. तिकडील भाडें इकडच्या पत्रकांत दाखवावेंच लागतें. तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते. भाडें येवो न येवो, घर मात्र पत्रकांत नमूद हवें. न केल्यास २०१५ च्या कायद्यानें दहा लाख रुपये दंड होऊं शकतो.

सर्वांत कमी विचार होतो तो वारसाकराचा, कारण आपल्याकडे तो १९८५ सालींच रद्द झाला. इंग्लंडांतील घरास मात्र तो लागतो, मालक कोठेंही राहत असो. साधारणपणें ३,२५,००० पौंडांवरील किंमतीस शेंकडा ४०. म्हणजे वडिलांच्या एकट्याच्या नांवचा पांच लाखांचा फ्लॅट मुलांकडे जातांना ७०,००० पौंड. घराबाबत ही रक्कम दहा वार्षिक हप्त्यांनीं भरतां येते, पण घर मध्येंच विकलें तर बाकी एकदमच द्यावी लागते.